देवघरातली गुहा

नीरजाच्या वडिलांना, म्हणजे वसंतराव टेंब्यांना, आयुष्यात दोनच गोष्टींचं खरं वेड होतं: चहा आणि जिप्सम. चहाचं वेड घरोघर असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण जिप्सम हा काही जीव लावण्यासारखा दगड नव्हे. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ, आणि पाण्यात पडून राहिला तर हळूहळू विरघळणारा. भाजून दळला की त्याचं प्लास्टर होतं. ते मोडलेल्या हातापायांना बांधतात आणि दिवाणखान्याच्या छताला त्याचीच फुलं-वेली काढतात. वसंतराव बडोद्यात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या बरोबरीचे लोक तेलावर बोलायचे, हिऱ्यांवर बोलायचे, परदेशी कंपन्यांच्या सल्लागार समित्यांवर जायचे. हे गृहस्थ मात्र प्लास्टरच्या दगडात डोकं घालून बसायचे आणि तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू यायची नाही.

त्याला कारण होतं. तरुणपणी ते एकदाच परदेशी गेले, तेव्हाच्या सोव्हिएत देशात, आणि तिथे त्यांनी जिप्समच्या खडकातली एक गुहा पाहिली. वर गव्हाची शेतं डुलत होती आणि खाली मैलोन्‌मैल बोळच बोळ. कुठे ताठ चालता यायचं, कुठे पोटावर सरपटायचं. भिंती कुठे दुधासारख्या पांढऱ्या, कुठे खिडकीच्या काचेसारख्या आरपार. दिव्याचा उजेड एका भिंतीवरून दुसरीवर उड्या मारत पुढे पळायचा. ही गोष्ट ते दर रविवारी सांगायचे. नीरजाला ती पाठ होती, तरी ती दर रविवारी ऐकायची.

"गुहा कुणी खणत नाही, नीरू," ते म्हणायचे. "फार फार पूर्वी तिथे समुद्र होता. तो आटला आणि जिप्समचा थर मागे ठेवून गेला. मग खालून पाणी चढायला लागलं, केसाएवढ्या फटीतून. वाटेत जे विरघळलं ते सोबत घेऊन गेलं. त्या गेलेल्या दगडाची जागा म्हणजे गुहा. तू मोठी झालीस की तुला घेऊन जाईन बघायला."

येताना त्यांनी जवळच्या खाणीच्या राडारोड्यातून उचललेला एक तुकडा आणला होता. सोललेल्या नारळाएवढा, कडा धारदार, बर्फासारखा स्वच्छ. त्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येत. वर्गावर नेताना ते तो पंच्यात गुंडाळून न्यायचे, आणि विद्यार्थ्यांनी हात लावण्याआधी त्यांचे हात कोरडे आहेत की नाही हे तपासायचे. लहानपणी नीरजाची समजूत होती की तो दगड म्हणजे तिचा थोरला भाऊ असावा. लाड तर त्याचेच जास्त होत.

पुढे नीरजा मोठी झाली, पण गुहा काही दिसली नाही. तिचं लग्न ठरलं ते शिर्क्यांच्या घरात. शिर्के म्हणजे गायकवाडांच्या फौजेतलं घराणं. टेंब्यांकडे भिंतीला पुस्तकं टेकलेली असायची, शिर्क्यांकडे भिंतीवर तलवार. दोन्हीकडचे नातेवाईक बरेच दिवस नाकं मुरडत राहिले. नवरा प्रतापसिंह आधी बडोद्याजवळ बाजव्याला नोकरीला होता, मग मस्कतला गेला आणि नीरजाही गेली. इकडे वसंतराव थकले, भाड्याचं घर सोडावं लागलं, पुस्तकं वाटली, बाकीचे दगड कॉलेजला दिले. हा एकच दगड त्यांनी स्वतःच्या हातांनी सुभानपुऱ्याला, शिर्क्यांच्या घरी नेऊन विहीणबाईंच्या स्वाधीन केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. नीरजा धावतपळत आली, चांदोदला नर्मदेत अस्थी सोडल्या आणि परत गेली. मुलगा नाही, घर नाही, नावावर एखादं गाजलेलं पुस्तकही नाही. तिचे बाबा असे पुसल्यासारखे गेले, हे शल्य तिच्या मनात तेव्हापासून जे रुतलं ते निघालं नाही.

सासरी त्यांचं नाव कधी निघत नसे. निदान तिच्या कानांवर तरी कधी पडलं नाही. शिर्के मंडळी आपल्याच पूर्वजांच्या लढाया सांगण्यात इतकी गुंतलेली, की जिप्समवाल्या व्याह्यांना त्यात जागा कुठली! नीरजानंही मग ते मनातल्या मनात मिटवून टाकलं होतं.

यंदा प्रतापसिंह निवृत्त झाला आणि दोघं कायमची सुभानपुऱ्याला राहायला आली. घरात सासूबाई, चिमणाबाई. वय पंच्याऐंशीच्या घरात, कंबर वाकलेली, पण आवाज असा की शेजारच्या सोसायटीतला कुत्रा उठून बसावा. दिवाळी उलटली आणि एका दुपारी नीरजाला अनयचा फोन आला. अनय वसंतरावांचा शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी, आता वाघोडिया रोडवरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा.

"नीरजाताई, आम्ही इथे दगडांचं एक छोटं दालन करतोय," तो म्हणाला. "मधोमध एक काचेची पेटी असेल. ती सरांच्या नावाची. त्यात सरांचा तो जिप्सम ठेवायचाय. आहे ना तो तुमच्याकडे?"

"आहे, आहे!" नीरजा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडूच आलं. बाबांच्या नावाची पेटी! कुणीतरी थांबून वाचेल, टेंबे नावाचा एक माणूस होता आणि त्याला या दगडाचं वेड होतं. यापेक्षा जास्त काही तिला नको होतं. परवाच अनय दगड न्यायला येणार होता.

ती तडक सासूबाईंकडे गेली. त्या ओसरीवर वालपापडी सोलत बसल्या होत्या.

"आईसाहेब, बाबांनी तुमच्याकडे दिलेला दगड कुठे आहे? लोखंडी कपाटात का?"

"कपाटात कशाला?" चिमणाबाई मान वर न करता आपल्या गुजराती वळणाच्या बडोदी मराठीत म्हणाल्या. "देवात आहे ने."

"देवात?"

"हो ने. मागच्या ओळीत. लाल वस्त्र नेसवलेला."

शिर्क्यांचं देवघर म्हणजे चिमणाबाईंचं स्वतंत्र संस्थान होतं. पहाटे उठून, न्हाऊन, त्या एकट्या पूजा करत. तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे आणि लावायची कुणाला हौसही नव्हती. नीरजा तर देवदेव न करणाऱ्या घरातून आलेली. सुटीत आली की ती उंबऱ्यातूनच हात जोडायची. मागच्या ओळीत लाल कापडातलं काहीतरी आहे हे तिनं दर वेळी पाहिलं होतं, आणि तो कुलदेवीचा दगडी तांदळा असेल असं समजून चालली होती.

"आणि तुम्ही त्याला... अंघोळ घालता?"

"म्हणजे? रोज! बिनअंघोळीचा देव कुणी ठेवतं का?"

नीरजानं चपला काढल्या, हातपाय धुतले, हात कोरडे केले आणि देवघरात जाऊन ते लाल वस्त्र सोडलं.

तो दगड तिनं ओळखलाच नसता. धारदार कडा गेल्या होत्या. अंग सगळं गोलसर, त्यावर वरून खाली उतरत गेलेल्या बारीक बारीक पन्हळी. काचेसारखी झळाळी जाऊन वर साबणाच्या जुन्या वडीसारखा धुरकट रंग. माथ्यावर एक खळगा, करंगळी जाईल एवढा. हातात घेतला तर हलका लागला, फार हलका. खालची बाजू पोखरलेली होती. वर्तमानपत्र वाचता येणारा बाबांचा दगड रोज पहाटे थोडा थोडा करून पाण्यात गेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच दगड हातात घेऊन ओसरीवर आली.

"आईसाहेब, अहो, हा पाण्यात विरघळतो! जिप्सम आहे हा! बाबा याला ओला हात लावू देत नसत कुणाला. आणि तुम्ही वीस वर्षं याच्यावर पाणी ओतत राहिलात? आता काय ठेवायचं पेटीत? बाबांचं एवढं एक उरलं होतं, तेही..."

चिमणाबाईंचा सोलता हात थांबला. त्या नीरजाकडे बघत राहिल्या, मग दगडाकडे, आणि त्यांचा चेहरा एकाएकी अगदी म्हातारा दिसायला लागला.

"मला खबर नव्हती गं," त्या एवढंच म्हणाल्या.

आवाज इतका लहान होता की शेजारचा कुत्रा तर सोडाच, आतल्या खोलीतल्या प्रतापसिंहालाही ऐकू गेला नाही. सूप तसंच टाकून त्या उठल्या, नीरजाच्या हातातून दगड घेतला, पदरानं कोरडा केला आणि परत देवघरात नेऊन ठेवला. रात्री जेवताना प्रतापसिंहानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि शहाण्या नवऱ्यासारखं निमूटपणे आपलं ताट उचललं.

नीरजाला झोप लागली नाही. राग उतरला होता आणि त्याच्या जागी अपराधीपणा येऊन बसला होता. त्याच्याशी काही भांडता येत नाही. पंच्याऐंशीच्या बाईला आपण काय काय बोललो! पण दगडही आठवत होता. अनयला काय सांगायचं? त्याला तो स्वच्छ, धारदार दगड आठवत असणार. हा साबणाचा तुकडा बघून तो काय म्हणेल? शिष्टाचार म्हणून "हरकत नाही" म्हणेल, आणि पेटीत दुसऱ्या कुणाचा तरी बरा दगड ठेवील. नाव बाबांचं राहील किंवा तेही राहणार नाही.

उजाडायच्या आधी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हा देवघरात दिवा लागलेला होता. चिमणाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर ताम्हन, हातात पळी. त्या एकेकाला नावानं हाक मारून अंघोळ घालत होत्या, घरातल्या पोरांना घालावी तशी. नीरजानं त्यांची पूजा कधी ऐकली नव्हती, ती उठेपर्यंत नेहमी आटोपलेली असे.

"गणपतीबाप्पा, चला. बाळकृष्णा, थंडी आहे रे आज, पटकन आटपू. अन्नपूर्णे, ये बाई. खंडेराया, या." मग चांदीचे टाक आले. शिर्क्यांकडे घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाचा टाक करून देवात बसवायची रीत होती. पत्र्यावर उठवलेली ती छोटी छोटी माणसं चिमणाबाईंनी एकेक करून न्हाऊ घातली. "आबासाहेब. सासूबाई, या, तुम्हाला कोमट घेतलंय. आणि अहो तुम्ही, चला." हे शेवटचं नवऱ्याला.

मग त्यांचा हात मागच्या ओळीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी लाल वस्त्र सोडलं नाही. नुसतंच वरून नीट केलं.

"वसंतराव," त्या म्हणाल्या, "रोज तुमचा पहिला मान, पण आज कोरडेच बसा हं. मुलगी रागावली आहे."

नीरजा दाराशीच उभी होती. वसंतराव! रोज! तिच्या बाबांचं नाव या घरात कुणी काढत नाही असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, आणि ते रोज पहाटे, तिच्या झोपेत, देवांच्या नावांच्या ओळीत घेतलं जात होतं. मस्कतला ती कामाच्या गडबडीत त्यांची तिथीही विसरायची. कधी महिना महिना आठवण यायची नाही. आणि ही बाई, जिचं त्यांच्याशी ना रक्ताचं नातं ना विद्येचं, तिनं एक सकाळ चुकवली नव्हती. कालच्या बोलण्याबद्दल तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ती आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली.

"आईसाहेब, हे तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?" चिमणाबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, साधंच. "आमच्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात. तुझ्या बाबांना मुलगा नाही. तू परमुलखात. त्यांचा टाक कोण करणार? मग म्हटलं, ते तर आपला दगड स्वतः आणून देऊन गेले. सोनाराकडे जायलाच नको. हाच टाक."

"बाबा काय म्हणाले होते देताना?"

चिमणाबाईंनी जरा आठवलं. "दम लागत होता फार. चहा घेतला दोन कप. मी म्हटलं, व्याही, या दगडात एवढं काय आहे? तर हसले. म्हणाले, चिमणाबाई, यात एक गुहा झोपली आहे. पाणी आणि वेळ मिळाला तर उठेल. आता मला काय कळतं त्यातलं! पण जाणारा माणूस बोलतो ते वाया जाऊ देऊ नये. पाणी होतं, वेळ होता. घातलं रोज." त्यांनी पळी खाली ठेवली. "पण बिघडवला ने मी. तू बोललीस ते बराबर आहे."

नीरजानं वाकून सासूच्या पायांवर डोकं टेकलं. सणासुदीला टेकवतात तसं वरवर नव्हे. चिमणाबाई गांगरल्या आणि "अगं, पुरे ने, पाय ओले आहेत," असं म्हणून पाय मागे घेऊ लागल्या.

अनय ठरल्या दिवशी सकाळीच आला. चाळिशीचा, चष्मेवाला, खांद्याला पिशवी, पिशवीत कापूस. प्रतापसिंहानं त्याच्यासाठी सेवउसळ आणून ठेवली होती. घरात काही बिनसलं की शिर्के पुरुष बाहेरून खायला आणत. अनयनं आधी आजींना नमस्कार केला. आजींनी "बेस ने बेटा" म्हटलं, पण स्वतः बसल्या नाहीत. दगड लाल वस्त्रासकट पाटावर ठेवला आणि आरोपीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या. नीरजा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अनय," ती म्हणाली, "तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. आधीच सांगते. आणि तू नाही नेलास तरी आम्हाला वाईट वाटणार नाही."

हे खोटं होतं. पण कालपासून तिनं मनाशी एक ठरवलं होतं: पेटी मिळो वा न मिळो, या घरात कुणी पुन्हा चिमणाबाईंना "बिघडवला" म्हणायचं नाही.

अनयनं वस्त्र सोडलं. दगड उचलला, फिरवला, पन्हळींवरून बोट नेलं. चष्मा कपाळावर चढवला आणि दगड डोळ्यांजवळ धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. सेवउसळ गार होत होती.

"आजी," शेवटी तो म्हणाला, "तुम्ही याला अंघोळ कशी घालायचात? मला करून दाखवाल? पाणी नको, नुसतं दाखवा."

चिमणाबाईंनी ताम्हन आणलं. दगड त्यात मधोमध ठेवला. रिकामी पळी हातात घेऊन माथ्यावर धरली. "हे असं. डोक्यावर बराबर मधे. मग बाकीचे देव."

"यांना शेवटी काढायचं?"

"पहिले घालायचं आणि शेवटी काढायचं. तोवर बाकीच्यांच्या अंघोळीचं पाणी यांच्याभोवती साचतं. त्यात निवांत बसू द्यायचं." अनयच्या चेहऱ्यावरचं कुतूहल बघून त्यांना जरा धीर आला. "व्याही म्हणजे पाहुणे ने. पाहुण्यांना काय घाईघाईत न्हाऊ घालायचं?"

अनय मोठ्यानं हसला. हसता हसता त्याचे डोळे ओले झाले आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"नीरजाताई, इकडे या," तो म्हणाला. त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला, दगड थोडा कलता धरला आणि उजेड खालच्या पोकळीतून आत सोडला. "वरच्या भोकाला डोळा लावा."

नीरजानं डोळा लावला.

आत गुहा होती. पोकळी नव्हे, बीळ नव्हे, गुहाच. वरून पळीच्या धारेनं एक विहिरीसारखी वाट खाली नेली होती. खालून साचलेल्या पाण्यानं दगड पोखरत एक दालन वर आणलं होतं. दोन्ही मधेच कुठेतरी एकमेकांना भेटली होती. दालनाला छत होतं, कोपरे होते, एक अरुंद बोळ बाजूला वळून दिसेनासा झाला होता. बाहेरून धुरकट झालेला दगड आत अजून आरपार होता. उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत पुढे पळत होता, अगदी दर रविवारी पळायचा तसा.

ती किती वेळ वाकून होती कुणास ठाऊक. मोठी झालीस की घेऊन जाईन, असं बाबा म्हणाले होते. त्या मुलखात आता तोफा चालल्या होत्या, तिथे जाणं या जन्मी होणार नव्हतं. ती गुहा सुभानपुऱ्याच्या देवघरात, सासूच्या ताम्हनात, तिची वाट बघत बसली होती.

"सर वर्गात सांगायचे की हे व्हायला काय काय लागतं," अनय म्हणत होता. "तिथे लाखो वर्षं लागली, खालून चढणाऱ्या पाण्याला. इथे वरूनही पाणी, खालूनही पाणी, रोज ताजं, रोज त्याच जागी. प्रयोगशाळेत आम्ही हे करायला बसलो तरी वीस वर्षं रोज कोण येणार? ताई, स्वच्छ जिप्समचे तुकडे मला कुठूनही मिळतील. हा मिळणार नाही."

"म्हणजे बिघडला नाही?" चिमणाबाईंनी विचारलं. त्यांना बाकीच्या भाषणाशी कर्तव्य नव्हतं.

"नाही, आजी. पुरा झाला. पण आता एक ऐकायचं. वरची भिंत फार पातळ झालीय. आणखी पाणी घातलं तर छत बसेल. खऱ्या गुहाही अशाच बसतात शेवटी. आता याला कोरडं ठेवायला हवं."

चिमणाबाईंनी हातातली रिकामी पळी ताम्हनात ठेवली. कोरडं ठेवायचं म्हणजे काय हे त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. नीरजालाही ते दिसलं आणि ती म्हणाली, "आईसाहेब, तुमच्या मनात नसेल तर राहू दे इथेच. पेटीचं काही नाही."

"आणि गेलं ते कुठे गेलं?" चिमणाबाईंनी मधेच विचारलं. "एवढा दगड होता. कुठे गेला तो?"

"पाण्यातून गेला, आजी. ते अंघोळीचं पाणी तुम्ही कुठे टाकायचात?"

"टाकीन कशी? तीर्थ ते! पळीभर आम्ही प्यायचो, बाकीचं तुळशीला. नीरजा मस्कतला जायला निघायची तेव्हा हिच्याही हातावर द्यायचे दर वेळी. ही नाक मुरडायची."

अनय म्हणाला, "त्यानं अपाय काही नाही. उलट तुळशीला चांगलंच. पण मग आजी, सर थोडे थोडे तुम्हा सगळ्यांच्या पोटात आहेत."

प्रतापसिंहानं नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्यावर नीरजा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाही समजलं नाही. विमानतळावर जायच्या घाईत, ओठ न लागू देता गिळलेलं ते पळीभर पाणी! दर वेळी निघताना बाबाच तिच्या हातावर ठेवले जात होते आणि तिला पत्ता नव्हता. सासूचा सुरकुतलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"आईसाहेब, तुमचे उपकार मी कसे फेडू? माझ्या बाबांना मीसुद्धा इतकं सांभाळलं नाही."

"उपकार कसले? घरातलाच माणूस ने," चिमणाबाई म्हणाल्या. मग दगडाकडे वळून त्यांनी लाल वस्त्र त्याच्याभोवती पुन्हा नीट गुंडाळलं. "घेऊन जा, बेटा. मास्तर माणूस. घरात किती दिवस कोंडून ठेवायचा? पोरांमधेच बरा वाटेल त्यांना."

दालन उघडलं तेव्हा थंडीचे दिवस होते. समारंभ असा काही नव्हता. अनय, त्याचे विद्यार्थी, चहा आणि बिस्किटं. वसंतरावांना चहा असल्याचं समाधान वाटलं असतं. मधोमध काचेची पेटी होती. अनयनं दगडाच्या खाली छोटा दिवा बसवला होता, त्यामुळे माथ्यावरच्या भोकातून मंद उजेड वर येत होता आणि आतलं दालन दिसत होतं. पेटीवर वसंत टेंब्यांचं नाव होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं की हा तुकडा त्यांनी आणला आणि यातली गुहा सुभानपुऱ्याच्या चिमणाबाई शिर्के यांनी घडवली. नीरजानं ते सासूला वाचून दाखवलं. "माझं नाव कशाला घातलं?" असं म्हणून चिमणाबाईंनी ते आणखी दोनदा वाचून घेतलं.

मुलं पेटीभोवती वाकून वाकून बघत होती. एका मुलीनं विचारलं, "सर, ही कशी खणली?" आणि अनय म्हणाला, "गुहा कुणी खणत नाही." नीरजानं मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. बाबांचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, नव्या मुलांना. यासाठीच तर तिला ही पेटी हवी होती.

निघायची वेळ झाली. प्रतापसिंहानं गाडी दाराशी आणली. चिमणाबाई मात्र पेटीपाशीच होत्या. गर्दी पांगल्यावर त्या काठी टेकत काचेच्या अगदी जवळ गेल्या आणि पदराच्या टोकानं काचेवरचा मुलांच्या बोटांचा एक ठसा पुसला.

"वसंतराव," त्या हळू म्हणाल्या, "आता इथे कोरडंच बसायचं हं." मग मागे उभ्या असलेल्या नीरजाकडे त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं. "मुलगी आता रागावलेली नाही."